उचलली, ते बरंच झालं

रस्त्यावरून गाडी उचलली गेली की आपल्याकडे सगळी सहानुभूती गाडीवाल्याला मिळते. ऑफिसात, सोसायटीच्या गेटवर, चहाच्या टपरीवर प्रश्न येतात ते असे: कुठून उचलली? किती घेतले? कुणाला फोन नाही का लावलास? गाडी लावली कुठे होतीस, हे कुणी विचारत नाही. मग सल्ले सुरू होतात. गाडीत कुणालातरी बसवून ठेवत जा, आत माणूस असला की क्रेनवाले हात लावत नाहीत. चारही इंडिकेटर चालू ठेवून जा. दुचाकी अशी घुसवून लाव की नंबर प्लेटचा फोटोच निघू नये. काचेवर 'प्रेस' नाहीतर 'महाराष्ट्र शासन' असं काहीतरी चिकटवून ठेव. ई-चलन आलं तर भरू नकोस, लोकअदालतीत अर्ध्यात मिटतं. एरवी कुणाचे पाच रुपये न बुडवणारी, चांगली शिकलेली माणसं हे सांगतात आणि सांगताना त्यांना जराही संकोच वाटत नाही.

संकोच वाटत नाही, कारण या सल्ल्यांच्या मुळाशी एक पक्कं मत आहे. नो पार्किंगचा दंड ही लूट आहे, असं ते मत. शहराने गाड्या लावायला जागा दिलेली नाही, म्हणून आम्ही मिळेल तिथे लावणार. रोड टॅक्स आम्ही भरलेला आहे. सगळेच लावतात, मग पकडायचं मलाच का? पोलिसांना वरून टार्गेट दिलेलं असतं, पाट्या झाडामागे दडलेल्या असतात, आणि एवढं करून आम्ही गाडी लावली होती ती पाच मिनिटांसाठी. तेव्हा दंड चुकवणारा हुशार आणि मुकाट भरणारा बावळट.

मला हे मत मान्य नाही, आणि त्याचा मला राग येतो. राग अशासाठी, की या सगळ्या हिशेबात दोनच माणसं आहेत, गाडीवाला आणि पोलीस. ज्याच्या वाटेत गाडी उभी आहे तो तिसरा माणूस कुठेच नाही. दंड त्याच्यासाठी आहे, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

त्या पाच मिनिटांचंच बघा. औषधांच्या दुकानासमोर, एटीएमपाशी, शाळेच्या फाटकाशी, जिथे लोक पाच मिनिटांसाठी गाडी लावतात, ती जागा दिवसात किती वेळ मोकळी असते? एकाची पाच मिनिटं संपतात तेव्हा दुसऱ्याची सुरू होतात. सकाळी दुकानं उघडल्यापासून रात्री शटर खाली येईपर्यंत तो फुटपाथ बंद असतो, आणि तिथे गाडी लावून गेलेल्या प्रत्येकाला अगदी मनापासून वाटत असतं की आपण कुणाला त्रास दिला नाही. वॉकर घेऊन चालणाऱ्या आजींना ही पाच मिनिटं कुणाची, याच्याशी काय करायचं आहे? त्यांना फुटपाथवरून खाली उतरून बसच्या वाटेत यावं लागतं. पांढरी काठी घेऊन निघालेल्या माणसाची काठी रोज वेगळ्या ठिकाणी वेगळ्या चाकाला आपटते, म्हणून रोजची वाटही त्याला पाठ करता येत नाही. व्हीलचेअरवरच्या माणसाला तर उतरण्याचीही सोय नाही, तो घरीच थांबतो.

2022 साली भारतात रस्त्यांवरच्या अपघातांत 1,68,491 माणसं मेली. त्यातली 32,825 पायी चालणारी होती. या सगळ्यांचा जीव उभ्या गाड्यांनी घेतला असं मी म्हणणार नाही. पण चालणाऱ्याला धावत्या वाहनांच्या मधे आणून सोडतं कोण? फुटपाथ असूनही तो त्याला वापरता येत नाही, हे कुणामुळे? मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की चालण्याजोगा, अडथळे नसलेला फुटपाथ मिळणं हा घटनेच्या 21व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयाने ज्याला जगण्याचा हक्क म्हटलं, त्याच्यावर गाडी लावून वर 'पाचच मिनिटं' म्हणायला जीभ कशी रेटते?

रोड टॅक्सचा मुद्दा एका परिच्छेदात संपतो. महाराष्ट्रात खासगी गाडीवर खरेदीच्या वेळी एकरकमी वाहन कर घेतला जातो, पेट्रोलच्या कारला किमतीप्रमाणे 11 ते 13 टक्के. तो राज्य सरकार घेतं, आणि तो गाडी वापरण्यासाठी आहे. गल्लीतला रस्ता आणि फुटपाथ महापालिका बांधते, तिचा मालमत्ता कर गाडी नसलेलं घरही भरतं. ज्याने आयुष्यात कधी गाडी घेतली नाही, त्याच्या पैशातून झालेल्या जागेवर तुम्ही गाडी उभी करता आणि कर भरल्याचं त्यालाच ऐकवता.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यावर बाकीचे सगळे टेकलेले आहेत. पार्किंगच नाही, तर लावायची कुठे?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मला उलट विचारायचं आहे: गाडी घेतलीत तेव्हा कुठे लावायचं ठरवलं होतं? शोरूममध्ये रंग ठरला, कर्जाचा हप्ता ठरला, विमा ठरला, नारळही फुटला. सव्वाशे-दीडशे चौरस फूट जागा अडवणारी ही वस्तू दिवसातले बावीस-तेवीस तास कुठे उभी राहणार, हे का नाही ठरलं? ते ठरलं नाही, कारण ती जागा फुकट मिळणार, हे आपण धरूनच चाललो होतो. जपानने 1962 साली कायदा करून टाकला: शहरात गाडी घ्यायची तर ती ठेवायला रस्त्याबाहेर स्वतःची किंवा भाड्याची जागा असल्याचा पोलिसांचा दाखला आणा, मगच नोंदणी. टोकियोतल्या निवासी गल्ल्या मोकळ्या दिसतात त्याचं श्रेय आपण जपानी माणसाच्या शिस्तीला देतो. त्या शिस्तीच्या मागे हा कायदा उभा आहे. आपल्याकडे 2025 मध्ये परिवहन मंत्र्यांनी अशाच दाखल्याची कल्पना मांडली, तर केवढा गदारोळ! मध्यमवर्गाने गाडीच घ्यायची नाही का, असे सवाल आले. त्याआधी ऑगस्ट 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, एकच फ्लॅट असलेल्या कुटुंबाला चार-पाच गाड्या घेऊ देऊ नयेत, असं मत व्यक्त केलं होतं. ते बातमीपुरतं राहिलं.

आणि जिथे जागा केली जाते तिथे काय होतं? मुंबई महापालिकेने सार्वजनिक वाहनतळ बांधून घेतले. ते रिकामे आणि खालचा रस्ता दोन्ही बाजूंनी भरलेला, अशी स्थिती होती, म्हणून जुलै 2019 मध्ये पालिकेने त्या वाहनतळांच्या 500 मीटर परिसरात बेकायदा गाडी लावल्यास पाच हजारांपासून तेवीस हजारांपर्यंत दंड लावला. ओरड झाली ती दंडाची. इमारतीत पैसे देऊन गाडी लावायची नाही आणि तिच्याच दाराशी फुकट लावायची, याबद्दल कुणी ब्र काढला नाही. पुण्यात मंडईजवळ मिनर्वा आणि आर्यन हे बहुमजली वाहनतळ वर्षानुवर्षं आहेत. वर जागा आहे हे माहीत असूनही खाली दुकानाच्या पायरीला चाक टेकवून लावणारे तिथे रोज दिसतात, कारण वर जायचं म्हणजे पैसे द्यायचे, जिना उतरायचा आणि चालायचं.

पुण्याचं उदाहरण याहून बोलकं आहे. मार्च 2018 मध्ये पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने पार्किंग धोरण मंजूर केलं. गर्दीच्या रस्त्यांवर गाडी लावायला पैसे घ्यायचे, त्यातून सार्वजनिक वाहतूक सुधारायची, असा त्याचा गाभा होता. विरोध एवढा झाला की ते पाच रस्त्यांपुरतं, तेही प्रायोगिक, असं छाटावं लागलं, आणि तेवढंही वर्षानुवर्षं कागदावर पडून राहिलं. विरोधाला कोण होतं? दुकानदार, राजकीय पक्ष आणि आपण सगळे गाडीवाले. पार्किंग नाही म्हणून रडायचं, ते करायला कुणी निघालं तर पैसे का द्यायचे म्हणून ते हाणून पाडायचं आणि मग पार्किंग नाही म्हणून फुटपाथवर चढायचं. हा युक्तिवाद नव्हे. फुकट हवं, एवढंच त्यात आहे. अमेरिकेत डोनाल्ड शूप या प्राध्यापकांनी आयुष्यभर हेच मांडलं, 2005 साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला: फुकट पार्किंग कधीच फुकट नसतं, त्याची किंमत गाडी नसलेलेही मोजत असतात. हे कळायला पुणेकराला अमेरिकेतला प्राध्यापक लागू नये. त्याने लक्ष्मी रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदा संध्याकाळी चालून बघावं.

सोसायट्यांचंही बोललं पाहिजे. नकाशात दाखवलेलं तळघरातलं पार्किंग प्रत्यक्षात दुकान किंवा गोदाम झालेलं किती इमारतींत दिसतं? ते झालं तेव्हा सभासद गप्प होते. त्यांच्या गाड्या मग गेटबाहेर आल्या, आणि आता त्या ओळीने फुटपाथवर लागतात. बिल्डरला जाब विचारायची हिंमत झाली नाही, म्हणून भुर्दंड चालणाऱ्यांवर टाकला.

याच फुटपाथवर भाजीची हातगाडी लागली की आपली भाषा कशी बदलते, तेही बघा. तेव्हा ते अतिक्रमण असतं. अतिक्रमण विभागाचा ट्रक येतो, वजनकाटा, भाजी, ताडपत्री सगळं भरून नेतो, आणि सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकून आभार मानले जातात. त्या विक्रेत्यासाठी 2014 चा पथविक्रेता कायदा आहे, त्याला सर्वेक्षणात नाव लागतं, प्रमाणपत्र लागतं, शुल्क भरावं लागतं. एवढं करून तो पोटासाठी उभा असतो आणि कारपेक्षा कमी जागेत उभा असतो. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात एका कुटुंबाला 300 चौरस फुटांचं घर मिळतं, त्यासाठी कटऑफ तारखेआधी तिथे राहत होतो हे सिद्ध करायला माणसं वर्षानुवर्षं कागदपत्रं जपतात. त्याच्या जवळपास निम्मी जागा एक कार अडवते, कुठलाही कागद न दाखवता, फुकट, शहरातल्या सर्वांत महागड्या जमिनीवर. हातगाडी उचलली तर स्वच्छता आणि कार उचलली तर अन्याय, हे कुठल्या न्यायात बसतं?

आता लूट. मोटार वाहन कायद्याच्या कलम 177 मध्ये 1988 साली पहिल्या गुन्ह्याला 100 रुपये आणि पुढच्याला 300 रुपये दंड लिहिला होता. तीस वर्षं तो तसाच राहिला. या काळात पेट्रोल, घरं, शाळेची फी, सगळं कुठल्याकुठे गेलं. 2019 च्या दुरुस्तीने तो 500 आणि 1,500 झाला, आणि महाराष्ट्राने तो डिसेंबर 2021 मध्ये लागू केला. दोन माणसांच्या एका हॉटेलच्या बिलात हे पाचशे रुपये दिसतही नाहीत. आणि ते तरी भरतं कोण? राज्यात 2019 पासून निघालेल्या ई-चलनांचे हजारो कोटी रुपये थकलेले आहेत. दंडाची भीतीच कुणाला उरलेली नाही, तिथे लूट कोण कोणाची करतंय?

थकवणाऱ्याला आपण वर बक्षीस देतो. लोकअदालत 1987 च्या कायद्याने आली ती गरिबाचे रखडलेले तंटे सामोपचाराने मिटावेत म्हणून. तिथे आता दंडाच्या सवलतीसाठी रांगा लागतात. शेजारच्या राज्यांत सरकारांनीच सेल लावले. तेलंगणाने मार्च 2022 मध्ये दुचाकींना 75 टक्के आणि कारना 50 टक्के माफी दिली. दोन वर्षं व्हायच्या आत, डिसेंबर 2023 मध्ये, पुन्हा माफी आली आणि ती आधीपेक्षा मोठी होती, दुचाकींना 80 टक्के, कारना 60. कर्नाटकाने फेब्रुवारी 2023 मध्ये 50 टक्के सूट दिली आणि 2025 मध्ये पुन्हा दिली. मेसेज आला त्याच दिवशी ज्याने पूर्ण रक्कम भरली, त्याला या सरकारांनी काय सांगितलं? थांबला असतास तर वाचले असते, हेच सांगितलं. तिजोरी थोडी भरली असेल, पण चलन आल्यावर वाट बघायची असते हा धडा लाखो लोकांनी पाठ केला, आणि तो धडा पुढच्या प्रत्येक फुटपाथवर आपल्याला भोवणार आहे.

सगळेच लावतात, याचं उत्तर द्यायचीही मला गरज वाटत नाही. सगळे लावतात म्हणूनच वाट बंद झाली आहे.

राहिला पोलिसांचा आणि टोइंगचा कारभार. इथे तक्रारीत तथ्य आहे आणि मी ते नाकारत नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये मालाडला गाडीत बाळाला पाजत बसलेल्या आईसकट गाडी ओढून नेली गेली. ऑगस्ट 2021 मध्ये पुण्यात नाना पेठेत दुचाकीवर बसलेल्या माणसासकट दुचाकी क्रेनला लटकली. हे संतापजनकच होतं. पण यातून काय सिद्ध होतं? टोइंग करणाऱ्यांना शिस्त हवी, हे सिद्ध होतं. फुटपाथवर गाडी लावायचा हक्क त्यातून कुणाला मिळत नाही.

आणि शिस्तीची मागणी करायची तर कायदा हाताशी आहे. कलम 127 प्रमाणे गाडी उचलायचा किंवा जॅमर लावायचा आदेश गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्यानेच द्यायचा असतो. नुसती ठेकेदाराची पोरं गाडी चढवत असतील तर अडवा, अधिकारी कुठे आहे ते विचारा. कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस 15 दिवसांत पाठवायची असते, हे ऑगस्ट 2021 च्या नियमांत आलेलं आहे. चलनाचा फोटो महाट्रॅफिक अॅपवर दिसतो. त्यात दुसऱ्याची गाडी असेल, नंबर चुकीचा वाचलेला असेल, तर तिथेच तक्रार नोंदवता येते. नो पार्किंगची पाटी खरोखर नसेल किंवा पुसून गेलेली असेल, तर आजूबाजूच्या खांबांसकट त्या जागेचे फोटो काढा, तारीख-वेळ ठेवा, दंड नाकारा आणि न्यायालयात म्हणणं मांडा. जागेवर दोनशे रुपयांत मांडवली करू नका, कारण ज्या भ्रष्टाचाराबद्दल तुम्ही घरी येऊन बोलता तो त्याच मांडवलीवर पोसलेला आहे, आणि तिचे पैसे तुमच्याच खिशातून गेलेले असतात. नगरसेवकाला फोन लावणं हाही त्यातलाच प्रकार. ओळख नसलेल्याने पूर्ण भरायचे आणि ओळख असलेल्याने गाडी सोडवून न्यायची, यात तुमच्यावरचा अन्याय कसा दूर झाला? तो फक्त दुसऱ्याच्या वाट्याला गेला.

पण मनावर हात ठेवून सांगा, आपल्यातल्या किती जणांची तक्रार खरोखर पाटी नव्हती ही असते? फुटपाथवर, बसथांब्यावर, दवाखान्याच्या दारात, झेब्रा पट्ट्यांवर गाडी लावायची नाही, हे कळायला पाटी कशाला लागते? तिथे गाडी लावणाऱ्याला ते माहीत असतं. माहीत असतं म्हणूनच तो कुणालातरी आत बसवून जातो, नंबर प्लेटवर आकड्यांऐवजी 'दादा' वाचता येईल असा 4141 रंगवतो, इंडिकेटर लुकलुकत ठेवतो. निर्दोष माणसाला इतकी तयारी लागत नाही.

म्हणून दंड कमी करा ही मागणी मला मुळातच उलटी वाटते. तो वाढला पाहिजे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो चुकवता येता कामा नये. फुटपाथ, बसथांबा, झेब्रा पट्ट्या आणि दवाखान्यासमोरच्या गाड्यांच्या दंडाला लोकअदालतीत एक रुपयाची सूट नको. गाडी सोडवण्यासाठी आलेला प्रत्येक फोन, फोन करणाऱ्याच्या नावासकट, चौकीत नोंदवला जावा. वसूल झालेली रक्कम त्याच प्रभागातल्या फुटपाथवर खर्च व्हावी आणि तिचा हिशेब क्षेत्रीय कार्यालयाबाहेर लावावा. 2018 चं पुण्याचं धोरण बाहेर काढावं आणि पाच रस्त्यांवर नव्हे, गर्दीच्या प्रत्येक रस्त्यावर लागू करावं. दुकानदार आडवे आले तर येऊ देत. त्यांच्या दुकानात पायी येणारं गिऱ्हाईकही गिऱ्हाईकच असतं.

आणि तुमच्या मोबाईलवर पुढचं चलन आलं की आधी त्यातला फोटो नीट उघडून बघा. गाडी तुमची नसेल, जागा चुकीची असेल, तर एक पैसाही भरू नका, शेवटपर्यंत भांडा. अशा भांडणात मी तुमच्या बाजूने उभा आहे. पण फोटोत तुमचीच गाडी फुटपाथवर चढलेली दिसत असेल, तर लोकअदालतीची तारीख शोधू नका, कुणाला फोन लावू नका. त्याच दिवशी, पूर्ण भरा.